लॅपटॉप आत्ता घ्यायचा की थांबायचं?

दिवाळीच्या सेलमध्ये घेऊ. मग जानेवारीत नवे प्रोसेसर येतात, तेव्हा बघू. मग जूनमध्ये कॉलेजं सुरू होताना सवलती असतात, तेव्हा नक्की. असं म्हणत जुना लॅपटॉप रेटत राहणारी घरं पुष्कळ आहेत. आजवर हे थांबणं फारसं अंगाशी येत नसे, कारण थांबलं की तोच लॅपटॉप थोडा स्वस्त मिळायचा किंवा त्याच पैशात थोडा चांगला. २०२५ च्या उत्तरार्धापासून मात्र हे गणित फिरलं. रॅमचे भाव चढले, पाठोपाठ एसएसडीचे चढले आणि लॅपटॉपच्या किमतीही त्यामागे निघाल्या. त्यामुळे ‘घेऊ की थांबू’ या प्रश्नाचं उत्तर आता नव्याने मांडावं लागतं.

आधी तीन शब्द

लॅपटॉप म्हणजे स्वयंपाकघर धरा. प्रोसेसर हा स्वयंपाक करणारा माणूस. रॅम म्हणजे ओटा: ज्यावर आत्ता काम चाललंय ते सगळं इथे मांडलेलं असतं आणि वीज गेली की पुसलं जातं. एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, जिथे सामान कायमचं राहतं. ओटा लहान असला की माणूस कितीही हुशार असो, प्रत्येक पातेलं उचलून कोठीत ठेवायचं आणि परत आणायचं, यातच त्याचा वेळ जातो. पंधरा टॅब उघडल्यावर लॅपटॉप अडखळतो तो बहुतेक वेळा यामुळेच. लोक दोष मात्र प्रोसेसरला देतात.

रॅम महाग का झाली?

जगातली बहुतेक सगळी रॅम तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांना एक खास मेमरी लागते. तिच्यात चिपांचे थर एकावर एक रचलेले असतात, ती फार वेगवान असते आणि कंपन्यांना तिच्यात नफाही भरपूर आहे. ही मेमरी बनते त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर. आणि तिच्या एका जीबीला साध्या रॅमच्या मानाने सुमारे तिप्पट चकती खर्ची पडते.

साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. ऊस तेवढाच आहे. इथेनॉलला चांगला दर मिळतो म्हणून जास्त रस तिकडे वळवला, तर साखरेची पोती कमी भरणार. इथे लॅपटॉपची रॅम म्हणजे ती साखर. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं, की किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशल’ हा ब्रँड ती बंद करतेय. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवताना आपल्याकडचे दुकानदार वर्षानुवर्षं ज्या दोन-चार नावांची रॅम काढून देत, त्यातलं हे एक.

मेमरीचा नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात. म्हणून ‘दोन महिने थांबू, भाव उतरतील’ या आशेला सध्या आधार नाही. जुन्या प्रकारची, म्हणजे डीडीआर४ रॅम तरी स्वस्त राहील म्हणावं, तर तिचं उत्पादन कंपन्या आवरतं घेतायत, त्यामुळे तीही महागली.

याचा दुसरा परिणाम जास्त फसवा आहे. लॅपटॉपची किंमत पन्नास हजारांच्या आत ठेवायची असेल, तर कंपनी १६ जीबीऐवजी ८ जीबी रॅम घालून तेच मॉडेल विकू शकते. डब्यावर नाव तेच, किंमत तीच, आत ओटा अर्धा. मित्राने गेल्या वर्षी घेतला तोच लॅपटॉप घेताना रॅमचा आकडा पुन्हा वाचा.

मग थांबायचं कधी?

गर्दीच्या वेळी फलाटावर उभे असताना समोरची लोकल सोडायची की नाही, हे आपण इंडिकेटर बघून ठरवतो. पुढची गाडी अमुक मिनिटांनी, फास्ट, आपल्याच स्टेशनची, असं स्पष्ट दिसत असेल तर एक सोडायला हरकत नाही. नुसतं ‘पुढची रिकामी येईल’ म्हणून सोडली, तर तिच्या पुढचीही सोडावी लागते.

लॅपटॉपसाठी थांबताना तीन गोष्टी एका वाक्यात सांगता आल्या पाहिजेत: कशासाठी थांबतोय, ते कधी येणार, आणि त्याने माझ्या कुठल्या कामात फरक पडणार. ‘मुलीचा प्रवेश अजून ठरायचाय. आर्किटेक्चरला गेली तर ग्राफिक्स कार्ड लागेल, कॉमर्सला गेली तर नाही. कॅपच्या फेऱ्या संपल्या की घेऊ.’ हे थांबणं अगदी योग्य आहे. ‘काहीतरी नवीन येणार आहे म्हणतात’ हे थांबणं नव्हे, ही टाळाटाळ आहे.

थांबण्याची किंमतही मांडून बघा. समजा लॅपटॉप ६०,००० रुपयांचा आहे आणि तो पाच वर्षं वापराल. म्हणजे महिन्याला १,००० रुपये. सहा महिने थांबून ४,००० वाचले, तर महिन्याला साधारण ६७० रुपये वाचले. त्या बदल्यात सहा महिने अडखळणारं मशीन, ऑनलाइन मुलाखतीत गोठणारा व्हिडिओ, रात्री परत करायला लागणारं काम. घरात दुसरा लॅपटॉप असेल तर थांबा. रोजगार त्या एकाच मशीनवर असेल, तर ते ४,००० रुपये महागात पडतात.

आधी हातातल्या लॅपटॉपची नाडी बघा

नवीन घ्यायचा निर्णय करण्याआधी ही दहा मिनिटं खर्च करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स हा भाग निवडा आणि रोजचं काम चालू असतानाच बघा, रिकाम्या स्क्रीनवर नको.

डिस्क सतत १०० टक्क्यांना टेकलेली आणि प्रोसेसर मात्र वीस-तीस टक्क्यांवर, असं दिसलं आणि डिस्कच्या नावापुढे एचडीडी लिहिलेलं असलं, तर दुखणं सापडलं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या लहान लहान फाइली सेकंदाला शंभरेकच वाचता येतात. एसएसडीला हजारोंनी वाचता येतात. २०१५ ते २०१९ या काळात घेतलेल्या असंख्य लॅपटॉपमध्ये एक टीबीची हार्ड डिस्क आहे आणि तिथे अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी सरळ बसते. सुरू व्हायला तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागतो.

मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर रॅम कमी पडतेय. त्याच पानावर खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी एक ओळ असते. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी खाचेत बसवलेली आहे आणि बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवरच, डाग देऊन पक्की केलेली आहे आणि तिचं काही करता येत नाही. काही मॉडेलांत थोडी रॅम पक्की आणि शेजारी एक खाच मोकळी असते, म्हणून मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर खात्री करून घ्या. डीडीआर४ आणि त्यानंतरची डीडीआर५ यांच्या पट्ट्यांच्या कडेवरचा काप वेगळ्या जागी असतो. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावला तर सॉकेट मात्र तुटतं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा. इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, मग एक स्पेस, मग स्लॅश, आणि त्याला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा एकच शब्द टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. तिच्यात दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना किती धरत होती, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज किती धरते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलण्याजोगी झाली. मात्र टचपॅड वर उचललेला दिसला, किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. ती आजच काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीवर लॅपटॉप वापरत राहणं हे आगीला आमंत्रण आहे.

दुरुस्ती की नवीन?

आमचा ढोबळ नियम असा: एसएसडी, रॅम, बॅटरी आणि मजुरी मिळून जो खर्च येईल तो नव्या लॅपटॉपच्या पाव किमतीच्या आत असेल आणि त्यातून दोन वर्षं निघणार असतील, तर दुरुस्ती करा. बिजागर तुटलंय, स्क्रीनवर रेघा आल्यात आणि बॅटरीही गेलीय, असं एकत्र आलं तर पैसे घालू नका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काम तासाभरात होतं, आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही करून देणारे आहेत. पण चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली: आज बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप आपोआप चालू असतं. बोर्ड बदलला, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, की ते ४८ आकडी चावी मागतं. चावी नसेल तर फोटो, कागदपत्रं सगळं गेलं. लॅपटॉप दुकानात देण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती चावी कागदावर उतरवून ठेवा. दुसरी: एम.टू या लहान पट्टीच्या आकाराच्या एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार दिसायला सारखेच असतात, पण काही जुन्या बोर्डांना दोन्हींतला एकच चालतो. तिसरी: बोर्डावरून बॅटरीची जोडणी न काढता रॅम बसवणं. एक ठिणगी पुरते.

विंडोज १० चं काय? तो लॅपटॉप टाकून द्यायचा का?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेची भगदाडं बुजवणाऱ्या अपडेट्स आपोआप येणं थांबतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. अपडेटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. नाव ‘आय५-८२५०यू’ असेल तर चालतो, ‘आय५-७२००यू’ असेल तर नाही. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. पुष्कळदा ती लॅपटॉपमध्ये असते, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. ‘तुमचा पीसी पात्र नाही’ हा संदेश बघून लगेच नवा घ्यायला धावू नका, आधी ती चालू करून बघा. खरोखर पात्र नसेल आणि काम ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तोच लॅपटॉप सुखाने चालतो. टॅली, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, सरकारी पोर्टलं यांवर काम असेल तर मात्र विंडोज धरूनच चला.

पण नवीन चिप येतेय ना?

नवीन चिप दरवर्षी येते. जानेवारीत लास वेगासला आणि उन्हाळ्यात तैपेईला प्रदर्शनं भरतात, तिथे घोषणा होतात. जानेवारी २०२६ मध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा मालिका ३ आणली. घोषणा झाली म्हणजे लॅपटॉप आपल्या गावच्या दुकानात आला असं नाही. आधी महागडी मॉडेलं येतात, पन्नास-साठ हजारांतली फार मागून.

खरी मोठी उडी क्वचित येते. २०२० च्या सुरुवातीला एएमडी कंपनीच्या रायझन ४००० या प्रोसेसरांच्या मालिकेने पातळ लॅपटॉपमध्ये आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे आठ भाग, आणले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलची एम१ चिप आली. त्या दोन वेळी थांबलेल्यांचं सोनं झालं. एरवी वर्डची फाइल, एक्सेलचा तक्ता, झूमची मीटिंग यांना दोन लागोपाठच्या पिढ्यांमधला फरक कळतही नाही. ॲपलच्या मॅकबुक एअरचंच बघा: एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये, एम२ जुलै २०२२ मध्ये, एम३ मार्च २०२४ मध्ये, एम४ मार्च २०२५ मध्ये. कधी वीस महिन्यांचं अंतर, कधी बारा. यावरून वेळापत्रक बांधता येत नाही.

आणि मोठा आकडा म्हणजे नवी चिप, हेही खरं नाही. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण ग्राहक सगळ्यात जास्त इथे फसतो. रायझनच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली खरी रचना सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा दोन, म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची. ७५३०यू म्हणजे झेन ३. ७६४०यू म्हणजे झेन ४. तिन्ही लॅपटॉपांवर ‘रायझन ५’ आणि ‘७०००’ असंच दिसतं. ७५२०यू मध्ये आणखी एक अडचण आहे: तिची रॅम बोर्डावर पक्की असते, म्हणून ८ जीबीचा घेतला तर आयुष्यभर ८ जीबीच. इंटेलकडेही तसंच. ‘कोअर अल्ट्रा’ नव्हे, नुसतं ‘कोअर ७ १५०यू’ असं नाव असेल, तर आत तेराव्या पिढीचीच रचना आहे. या चिपा वाईट नाहीत. योग्य किमतीत १५०यू उत्तम काम देते. पण ‘नवी’ म्हणून जास्त पैसे देऊ नका आणि तिच्यासाठी थांबू तर मुळीच नका.

एआय लॅपटॉपच घ्यायला हवा का?

दुकानात आजकाल प्रत्येक खोक्यावर एआय लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ आत एनपीयू, म्हणजे एआयची गणितं कमी विजेत करणारा वेगळा भाग आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट प्लस’ हा शिक्का मिळवायला त्या भागाची ताकद सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया एवढी असावी लागते, आणि रॅम किमान १६ जीबी. पण चॅटजीपीटी किंवा जेमिनी वापरायला यातलं काहीच लागत नाही. ते काम दूरच्या डेटा सेंटरमध्ये होतं, तुमच्या लॅपटॉपला फक्त ब्राउझर चालवायचा असतो. एनपीयू फुकट मिळत असेल तर घ्या. त्यासाठी रॅम किंवा स्क्रीनवर तडजोड करू नका.

घ्यायचं ठरलं, तर कशावर पैसे घालायचे?

रॅमवर. १६ जीबी हाच आता किमान आकडा धरा. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर ८ जीबीचा घ्या, पण एक खाच मोकळी असलेलाच. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग येतो, हा वरचा फायदा. एसएसडी ५१२ जीबी.

नंतर स्क्रीन. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ (किती रंग दिसतात त्याचं माप) आणि ‘२५० निट्स’ (उजेडाचं माप) असं लिहिलेलं असेल, तर रंग फिके दिसणार आणि खिडकीपाशी बसून काम करणं अवघड जाणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ (हेही रंगांचंच माप) आणि ‘३०० निट्स’च्या वर मिळत असेल, तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोसेसरचा फरक जाणवत नाही, स्क्रीनकडे आपण दिवसाचे आठ तास बघतो.

गेमिंग किंवा थ्रीडीसाठी घेत असाल तर ग्राफिक्स कार्डाचं नाव पुरेसं नाही, ते किती वॅटवर चालतं ते विचारा. आरटीएक्स ४०५० हेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर असतं, दुसऱ्यात ११५ वर, आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तालुक्याच्या गावी राहत असाल तर ‘ऑनसाइट’ वॉरंटीला महत्त्व द्या, म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो. ‘कॅरी-इन’ असेल तर की-बोर्डाच्या एका बटणासाठी जिल्ह्याला दोन फेऱ्या.

सेलसाठी तरी थांबावं ना?

सेल तीन-चार आठवड्यांवर आला असेल तर जरूर थांबा. त्याला तारीख असते, म्हणजे तो इंडिकेटरवर दिसतो. पण आजपासून त्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, आणि आजची प्रत्यक्ष किंमत लिहून ठेवा. छापील किमतीवर ‘४० टक्के सूट’ याला अर्थ नाही. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज सवलत म्हणून वजा होतं, पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वर प्रोसेसिंग फी, ती तुमच्याच खिशातून जाते. व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर बिल फर्मच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. लॅपटॉपवरच्या १८ टक्के कराची वजावट मिळते, आणि ती पुष्कळदा सेलच्या सवलतीहून मोठी असते.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, तपासून परत विकायला ठेवलेला?

कार्यालयांतून निघालेले तीन-चार वर्षं जुने बिझनेस मालिकेतले लॅपटॉप मजबूत असतात आणि रॅमही बहुधा बदलता येते. आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर नको, बायोसला पासवर्ड नको, बॅटरीचा अहवाल समोर काढून बघायचा आणि किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घ्यायची. एवढं जमत असेल तर विद्यार्थ्यासाठी हा चांगला रस्ता आहे.

खोकं घरी आलं की

ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप बदलून मिळायची मुदत अनेकदा आठवड्याभराचीच असते, म्हणून त्याच दिवशी बसा. बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या बुडाशी छापलेल्या नंबराशी जुळवा. कंपनीच्या साइटवर तोच नंबर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते बघा, महिनोन्‌महिने आधीची तारीख असेल तर बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि डिस्क सांगितल्याएवढी आहे का ते पाहा. बॅटरीरिपोर्ट काढा, नव्या लॅपटॉपमध्ये दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मग पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो स्क्रीनभर उघडून मेलेले ठिपके शोधा, प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह लावून बघा, आणि बिलाचा फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडून जाते.